पडद्यावरचे 400 फूट आणि खरे 400 फूट

साताऱ्यात ड्रोन उडवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप समूहांवर सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. ड्रोन 400 फुटांखाली ठेवला की विमान किंवा हेलिकॉप्टरशी गाठ पडतच नाही, पडलीच तर आवाज ऐकून ड्रोन खाली घेता येतो आणि धडक झालीच तरी ती पक्ष्याच्या धडकेपेक्षा गंभीर नसते, असे त्यात म्हटले आहे. मी स्वतः हौसेने ड्रोन उडवतो, आणि नवशिके हा संदेश नियम समजून पाळू लागले आहेत म्हणून हे लिहीत आहे.

यातले पहिले विधान सर्वांत फसवे आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात, म्हणजे सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात, जमिनीपासून 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. मात्र रिमोटच्या पडद्यावरची उंची सहसा ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासून मोजलेली असते. अजिंक्यताऱ्याच्या तटावरून उडवलेला ड्रोन 115 मीटरवर नेऊन शहराकडे सरकवला, तर पडद्यावर 115 हाच आकडा राहतो. पण गड शहरापेक्षा अडीचशे मीटरांहून उंच असल्याने राजवाड्यावर येईपर्यंत तोच ड्रोन जमिनीपासून सुमारे 1,200 फुटांवर गेलेला असतो. यवतेश्वर, सज्जनगड, पाचगणीचे टेबललँड, सगळीकडे हेच घडते, आणि आपल्याकडची बहुतेक चांगली चित्रे अशाच कड्यांवरून टिपली जातात.

शिवाय ज्यात माणूस आहे ते यान 400 फुटांखाली येत नाही, हेही खरे नाही. हेलिकॉप्टर उतरते म्हणजे ते शून्य फुटांपर्यंत येते, मग ते कऱ्हाडच्या धावपट्टीवर असो वा सभेसाठी आखलेल्या मैदानावर. 2019 च्या महापुरात सांगलीत ड्रोनने पुराची चित्रे घेण्याची हौस अनेकांना होती, आणि त्याच पाण्यावर मदतकार्याची हेलिकॉप्टरे कमी उंचीवरून फिरत होती. पाचगणीच्या कड्यावरून उडणारा पॅराग्लायडरही माणूस घेऊनच उडतो, आणि त्याला इंजिनच नसल्याने त्याचा आवाज येण्याचा प्रश्नच नाही.

आवाजाच्या भरवशाविषयी मी अनुभवाने सांगतो. यवतेश्वरच्या कड्यावर ड्रोन 100 मीटरवर असताना मला घरघर ऐकू आली, पण दरीत ती दोन्ही बाजूंनी येत होती. हेलिकॉप्टर दिसले तेव्हा ते डोंगराच्या सोंडेला वळसा घालून अगदी समोर आले होते. ड्रोन उतरवण्यासाठी अंगठ्याने रिमोटची काडी पूर्ण मागे ओढली, तरी पडद्यावरचे मीटर एकेक करून उतरत होते. हिशेब साधा आहे. सेकंदाला 4 मीटर वेगाने 100 मीटर उतरायला 25 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ताशी 220 किलोमीटर वेगाचे हेलिकॉप्टर दीड किलोमीटर पुढे येते. वैमानिक वळवेल ही आशाही व्यर्थ आहे, कारण हातभर आकाराचा ड्रोन त्याला दिसेपर्यंत उरलेला वेळ काही सेकंदांचाच असतो.

पक्ष्याशी तुलनाही टिकत नाही. पक्ष्याचे शरीर आदळताच पसरते; मोटार, बॅटरी आणि कॅमेरा हे मात्र कठीण गोळे आहेत. सप्टेंबर 2017 मध्ये न्यूयॉर्कजवळ फँटम ड्रोन अमेरिकी सैन्याच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर आदळला आणि त्याच्या मुख्य पात्याला पोचा पडला. ड्रोनचा चालक सुमारे 4 किलोमीटर दूर होता. चौकशी अधिकारी भेटेपर्यंत धडक झाल्याचे त्याला ठाऊकही नव्हते. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला ड्रोनने भोक पाडले आणि ऐन आगीत ते विमान जमिनीवर अडकून पडले.

आपल्या नियमांतही वाट देण्याची जबाबदारी ड्रोनचीच आहे. यवतेश्वरच्या त्या दिवसापासून मी कड्यावर एकटा जात नाही; माझी नजर पडद्यावर असते तेव्हा सोबतचा माणूस फक्त आकाश पाहतो, मी ड्रोन डोळ्यांच्या टप्प्याबाहेर जाऊ देत नाही, आणि उतारावर पुढे न्यायचा असेल तर जमीन जितकी खाली जाते तितकीच उंची मी पडद्यावर उतरवत जातो.