गोल्फ बॉलचे खड्डे फ्रेमवर चिकटवले म्हणून सायकल फास्ट होत नाही

सायकलिंगच्या ग्रुप्सवर एक फॉरवर्ड परत परत फिरतोय, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. त्यात म्हटलंय की गोल्फ बॉल खड्ड्यांमुळे दुप्पट लांब जातो, म्हणून व्हील, फ्रेम, हेल्मेट सगळ्यावर डिंपल पाहिजेत. मग पुरावे म्हणून टीम स्काय या ब्रिटिश रेसिंग टीमचे डिंपलवाले सूट, इटालियन रेसर फिलिपो गान्नाची खडबडीत सायकल, खड्डे पाडलेली कार. आणि शेवटी सल्ला, की महागडं सामान परवडत नसेल तर टेक्स्चरवाला टेप आणून फ्रेमला आणि रिमला चिकटवा, नाहीतर सायकल धुवूच नका, धूळ तेच काम करते. लोक हे वाचून खरंच पैसे घालवतायत, नवीन पोरं तर जास्तच, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी गोल्फ बॉल, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. त्याच्याबद्दलची माहिती बरीचशी खरी आहे. गोल वस्तूवरून जाणारी हवा मागच्या बाजूला पोचायच्या आधीच पृष्ठभाग सोडते, मागे कमी दाबाचा रुंद पट्टा तयार होतो आणि तो बॉलला मागे ओढतो. खड्ड्यांमुळे पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर टर्ब्युलंट म्हणजे घुसळलेला होतो, बाहेरची वेगवान हवा त्यात मिसळत राहते, थर जास्त वेळ चिकटून राहतो आणि मागचा पट्टा अरुंद होतो. ड्रॅग कोइफिशंट, म्हणजे हवा किती मागे ओढते त्याचा आकडा, साधारण 0.5 वरून 0.25 पर्यंत येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. पण बॉल लांब जातो त्याचं अजून एक कारण आहे जे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही, ते म्हणजे बॅकस्पिन. उलटा फिरणारा बॉल हवेत वर उचलला जातो आणि खड्डे त्याला मदत करतात. आपल्याला सायकल हवेत उचलायची नाहीये, त्यामुळे ते 'दुप्पट' आपल्याकडे जसंच्या तसं येऊच शकत नाही.

आता खरा मुद्दा. खड्ड्यांची ही करामत एका ठराविक रेंजमध्येच चालते आणि ती रेंज वेग आणि जाडी यांच्या गुणाकारावर ठरते. त्या गुणाकाराला हवेच्या चिकटपणाने भागून जो आकडा निघतो त्याला रेनॉल्ड्स नंबर म्हणतात. 42.67 मिलिमीटरचा बॉल ताशी 250 किलोमीटरने सुटला की हा आकडा 2 लाखांच्या आसपास येतो. गुळगुळीत गोळ्याला ड्रॅगची ही घसरण मिळायला साधारण 3 ते 4 लाख लागतात, खड्डेवाल्याला 50 हजारांच्या आसपासच मिळते, म्हणून बॉल फायद्यात. आता तुमच्या फ्रेमचा डाउन ट्यूब म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणारी नळी घ्या, 45 मिलिमीटर जाड आणि वेग ताशी 40 किलोमीटर. हिशोब केला तर आकडा येतो फक्त 33 हजार. वर तो ट्यूब पुढच्या चाकाने घुसळलेल्या हवेत असतो, आणि एरो फ्रेम (हवा कापायला निमुळती बनवलेली) असेल तर तिचा आकारच असा की हवा आधीच बऱ्यापैकी चिकटून जाते. तिथे खडबडीतपणा आणला तर वाचवण्यासारखं फार काही नसतं, पृष्ठभागाचं घर्षण मात्र वाढतं.

व्हीलचं काय? झिप या व्हील कंपनीने वर्षानुवर्षं डिंपलवाले रिम विकले हे खरंय आणि फॉरवर्डवाल्यांचा तो आवडता दाखला आहे. पण त्याच कंपनीच्या 303 एस या व्हीलला डिंपल नाहीत, डीटी स्विस आणि एन्व्ह या दुसऱ्या कंपन्यांचे डीप रिमही गुळगुळीतच असतात. पुढच्या चाकावर हवेला आधी भेटतो तो टायर, त्यामुळे रिमची खोली, रुंदी आणि त्यावर बसलेल्या टायरची रुंदी यांचं गणित जमलंय का हे आधी बघायचं असतं, विशेषतः बाजूने वारा असताना. रिम अरुंद आणि टायर त्याच्या बाहेर फुगलेला असेल तर डिंपल काही वाचवत नाहीत.

टीम स्कायचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तिथे टेक्स्चर खरंच काम करतं. 2017 ची टूर द फ्रान्स, ड्युसेलडॉर्फ, 14 किलोमीटरची पहिली टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची रेस), स्कायचा गेरेंट थॉमस जिंकला आणि पहिल्या आठात स्कायचे चौघं होते. सूटच्या बाह्यांवर उठावदार टेक्स्चर होतं, दुसऱ्या टीमच्या फ्रेडरिक ग्रॅपनी त्यावर जाहीर हरकत घेतली, पण सूट चालू दिला गेला. आता वरचाच हिशोब दंडाला लावा, 10 सेंटिमीटर जाडीचा दंड, ताशी 50 किलोमीटर, आकडा 90 हजारांच्या वर. मांडी तर अजून जाड. म्हणजे हात, पाय, खांदे बरोबर त्या रेंजमध्ये येतात, आकाराने ते गोलसर आहेत आणि एकूण ड्रॅगचा 70 ते 80 टक्के वाटा शरीराचाच असतो. 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये डच स्पीड स्केटर्सनी पायांवर आणि टोपीवर नागमोडी पट्ट्या लावल्या होत्या त्याही याच कारणाने. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे कपड्यांच्या खडबडीतपणाला 1 मिलिमीटरची मर्यादा घातली, काही फायदा नसता तर असल्या नियमाची गरजच पडली नसती. पण हे सगळं कपड्यांबद्दल आहे, यातून फ्रेम आणि रिमबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि त्या दिवशी रस्ता पावसाने ओला होता, दुसरा आलेला श्टेफान क्यूंग वेगळ्या टीमचा होता आणि फक्त 5 सेकंदांनी मागे होता, त्यामुळे निव्वळ निकालावरून सूटने किती दिलं हे सांगता येत नाही.

गान्नाने 8 ऑक्टोबर 2022 ला स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंचनच्या वेलोड्रोममध्ये (सायकलच्या ट्रॅकवर) तासात 56.792 किलोमीटर मारले, त्या पिनारेलो सायकलच्या सीट ट्यूबवर आणि सीटपोस्टवर (सीटखालच्या नळ्यांवर) उंचवटे होते हेही बरोबर. पण ते उंचवटे म्हणजे डिंपल नव्हेत. हंपबॅक व्हेलच्या परावर असतात तसे मोठे उंचवटे, फिरत्या मांड्यांमधून येणाऱ्या हवेसाठी एकाच जागी बसवलेले, बाकी सायकल गुळगुळीत. सगळीकडे खड्डे पाडा असा अर्थ त्यातून कसा काढला मला कळत नाही.

कारचा किस्सा अमेरिकेतल्या एका टीव्ही शोमधला, 2009 चा. कारवर मातीचा थर देऊन त्यात खड्डे पाडले आणि मायलेज गॅलनला साधारण 26 मैलांवरून 29 वर गेलं. पण हायवेच्या वेगात कारचा रेनॉल्ड्स नंबर कित्येक लाखांत जातो, तिथला थर खड्ड्यांशिवायही टर्ब्युलंटच असतो, म्हणजे गोल्फ बॉलचं कारण तिथे लागूच होत नाही. एका कारवरच्या एका एपिसोडवरून सायकलचं सामान ठरवू नका.

राहिली धूळ आणि टेप. नुसतं खरखरीत म्हणजे फास्ट असतं तर पायावरचे केस ही फुकटची लॉटरी झाली असती. स्पेशलाइज्डने 2014 मध्ये विंड टनेलमध्ये पाय शेव्ह करून तपासलं आणि 40 किलोमीटरला जवळपास मिनिटाचा फायदा सांगितला, म्हणजे बरोब्बर उलटं. उंची किती, जागा कुठली, वेग किती, हे तिन्ही जुळावं लागतं. चेनवरची धूळ तर नुसतं घर्षण वाढवते, सायकल धुवा.

आणि वेगाचं विसरू नका. ताशी 40 ला हवा साधारण 250 वॉट खाते, 25 ला फक्त 60 च्या आसपास. रोज ऑफिसला जाणाऱ्याला किंवा साडेतेरा तासांत 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) पूर्ण करणाऱ्याला टेक्स्चरमधून हाती काही लागत नाही. त्याने फडफडणारं जर्सी बदलून अंगाबरोबर बसणारं घ्यावं, कोपरं वाकवून थोडं खाली यावं, ते टेपपेक्षा कितीतरी जास्त देतं.

ज्यांनी टेप आधीच लावलाय त्यांनी आज एक गोष्ट नक्की बघा. रिम ब्रेकवाली सायकल असेल आणि टेप ब्रेक पॅड जिथे घासतात त्या पट्टीवर आला असेल तर लगेच काढा आणि चिकटा पुसून घ्या, घाट उतरताना ब्रेक लागणार नाही.