शोकेसमधलं प्रवाळ

सुट्टी संपली की आमच्या बेळगावात टिळकवाडी-शहापूरकडचं कुणी ना कुणी अंदमान करून येतं आणि हॉलच्या शोकेसमध्ये प्रवाळाचा तुकडा मांडून ठेवतं. आपण जाऊन टेकतो न टेकतो तोच हातात देतात, "बघा की ओ, राधानगर बीचवरचा!" डोकंच फिरतं.

अहो, तो शोभेचा दगड नव्हे! त्यावरच्या बारीक चांदणीसारख्या प्रत्येक खळग्यात एकेक जीव राहत होता. गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो. मग मूठभर तुकड्याला किती वर्षं लागली असतील? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. मेलेला, किनाऱ्यावर वाहून आलेला असला तरी उचलायचा नसतो. सांगितलं की उत्तर ठरलेलं, "एका तुकड्यानं काय होतंय?" विमान भरून माणसं जातात, प्रत्येकाचा एकच तुकडा असतो!

लिटल अंदमानला बटलर बेवर लाटा बघा, वाळूत लोळा, कोण नको म्हणतंय?

चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं तरी हीच तऱ्हा. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री अंडी घालायला वर येते, आणि आमची मंडळी मोबाईलची बॅटरी थेट तिच्या तोंडावर मारतात. उजेडानं बिचकून ती अंडी न घालताच समुद्रात परत फिरते. मग ह्यांची तक्रार काय, तर व्हिडिओ नीट आला नाही!