सरकारी वकील नेमका कोणाच्या खात्यातला?

मालवणच्या बंदरावरच्या कट्ट्यावर विषय निघाला तो बाबूच्या केसवरून. जाळं तोडल्याच्या भांडणात मार खाल्ला त्याने, आणि साक्षीदार फितूर झाले. "सरकारी वकिलान माका साक्षीच्या दिवशीच पयल्यांदा बघल्यान," हे त्याचं दुःख.

आमचा ज्युनियर वकील लगेच म्हणाला, "त्यासाठीच तर नवी रचना." जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 20 त्याने मोबाइलवर काढलं. राज्याला अभियोग संचालनालय, म्हणजे सरकारच्या बाजूने चालणाऱ्या खटल्यांवर देखरेख ठेवणारं कार्यालय, आणि जिल्ह्याजिल्ह्यालाही. 10 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या खटल्यांवर संचालकाचं लक्ष, 7 ते 10च्या मधल्यांवर उपसंचालकाचं, त्याखालच्यांवर सहायक संचालकाचं. बाबूची केस त्या शेवटच्या खणात.

"म्हणजे पोलिसांच्या डोक्यार आणखी एक सायब!" दाजी, निवृत्त हवालदार, उसळलेच. त्यांना तो काळ आठवतो, जेव्हा मॅजिस्ट्रेट कोर्टात केस चालवणारा माणूस पोलीस खात्याच्याच ताब्यात असे. तपास करणारा आणि बाजू मांडणारा एकाच घरचे. ते बंद व्हावं, वेगळा संवर्ग करा, असं सुप्रीम कोर्टाला 1995 मध्ये महाराष्ट्रालाच सांगावं लागलं. आता सहायक सरकारी अभियोक्ते, म्हणजे खालच्या कोर्टातले सरकारी वकील, एमपीएससीतून येतात.

मी दाजींच्या उलट बाजूला. माझं म्हणणं, साहेब वाढला याचा राग नाही, तो कुठे बसवला याचा आहे. कलम 20नुसार संचालक गृह विभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली. पोलीस गृहखात्याचे, त्यांचं दोषारोपपत्र तपासणाराही गृहखात्याचा! उलट सेशन्स कोर्टातला जिल्हा सरकारी वकील विधी व न्याय विभागाचा. एकाच गुन्ह्याची फाइल खालच्या कोर्टातून वर गेली की खातंच बदलतं.

वकील म्हणाला, फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदा करू शकतात. राष्ट्रपतींची संमती मिळाली तर राज्य आपली दुरुस्ती करू शकतं. केलीही होती: 1981 मध्ये महाराष्ट्राने जुन्या संहितेतून सरकारी वकील नेमताना सेशन्स जजचा सल्ला घेण्याची अट काढली आणि तिथे राज्य सरकारची मंजुरी घातली. मी म्हटलं, मग आता तोच दुरुस्तीचा रस्ता धरून संचालनालय विधी खात्याकडे द्या.

"विधी खात्याक मंत्री नाय काय?" दाजी. बरोबर धरलं मला. उत्तर प्रदेशात 1990 मध्ये सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एका फटक्यात काढले होते. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते रद्द ठरवलं. खातं बदललं म्हणून राजकारण्यांचे हात दूर राहतात असं नाही, हे मान्य. तरी पोलीस आणि अभियोग एका छपराखाली नकोत, यावर मी ठाम.

बाबू कंटाळला होता. "सायब खयच्याय खात्याचो असूंदे. साक्षीच्या आधी पंधरा मिनटा माका भेटतलो काय?"

"तसं कलमात नाही," वकील म्हणाला.

"मगे लिवा की तां! ताच पयला."