चार नंबरचा उजेड

"अहो, दिवे लावलेत ना?"

लग्नाला सतरा वर्षं झालेल्या बायकोने हा प्रश्न विचारला की त्याचे दोन अर्थ निघतात. त्या रात्री तिला साधाच अर्थ अभिप्रेत होता. गणपतीच्या आदल्या दिवशीची रात्र, कुंभार्ली घाट, वरून धो धो पाऊस आणि पुढ्यात आमच्या गाडीचा फोकस. फोकस आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात बॉनेटपुढे पंधरा-वीस पावलं पिवळसर सतरंजी अंथरल्यासारखी दिसत होती आणि सतरंजी संपली की थेट अंधार. वळण कुठे, कठडा कुठे, हे गाडी तिथे पोचल्यावरच कळायचं.

"लावलेत की."

"मग दिसत का नाही काही?"

मी एका हाताने सगळी बटणं चाचपली. दांडी मागे-पुढे करून अप्पर-डिपर करून झालं. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला दिव्याचं चित्र असलेली एक छोटी चाकी आहे, तीही बघितली. ती चारवर होती आणि चारच्या पुढे आकडाच नव्हता. म्हणजे गाडी आपल्या परीने जीव तोडून उजेड पाडत होती. दोष उघड उघड बल्बचा होता.

शेवटी एक एसटी आम्हाला मागे टाकून पुढे गेली आणि मी तिच्या मागच्या लाल दिव्यांचा पदर धरला. एसटी वळली की मी वळायचो. ती हळू झाली की मी हळू. एका ठिकाणी ती थांबली, मीही थांबलो. ड्रायव्हर उतरून झाडीकडे गेला, सावकाश परत आला आणि आमच्या काचेवर टकटक करून म्हणाला, "गाडी बंद पडली काय?" नाही म्हटल्यावर त्याने वाकून आमच्या दिव्यांकडे नजर टाकली. घरातल्या आजारी माणसाकडे पाहुणे टाकतात तशी. मग म्हणाला, "या मागनं."

चिपळूणच्या स्टँडपर्यंत आम्ही मागनं गेलो. सासुरवाडी त्याच्या चार किलोमीटर अलीकडे होती.

नवल म्हणजे गौरी-गणपती उरकून परत येताना दिवे बरे वाटले. डिकीत तांदळाचं पोतं नि पंचवीस नारळ, मागे सासू-सासरे आणि त्यांच्या मध्ये चेपलेला आमचा मुलगा. पण रस्ता छान लांबपर्यंत दिसत होता. मी त्याचं श्रेय पाच दिवसांच्या ओल्या खोबऱ्याला आणि घरच्या तुपाला दिलं.

पुण्याला आल्यावर मी ही घाटकथा पार्किंगमध्ये सांगितली, हीच चूक झाली. आमच्या सोसायटीत गाडी चालवणाऱ्यांपेक्षा गाडीवर बोलणारे जास्त आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दिव्याच्या प्लॅस्टिकवर नख मारून निदान केलं, "उन्हाने पिवळं पडलंय. टूथपेस्टने घासा." मी रविवारची सकाळ घालवून लवंगेच्या पेस्टने दोन्ही दिवे घासले. पिवळेपणा थोडा गेला हे खरं. दिव्यांना ताजा श्वास आला, उजेड मात्र होता तेवढाच.

मग आयटीतला एक तरुण आला. त्याच्या प्रत्येक वाक्यात आकडा असतो. "काका, तुमचा स्टॉक बल्ब ६०/५५ वॅटचा. अप्परला ६०, डिपरला ५५. हॅलोजन. रंग तीन हजार केल्विनच्या आसपास. एलईडी टाका, ६००० केल्विन. डायरेक्ट दुप्पट!"

सहा हजार हा तीन हजारांच्या दुप्पट असतो, हे मला चौथीपासून मान्य आहे. मोठा आकडा म्हणजे मोठं काम, हे माझं एकूणच जीवनविषयक धोरण. पंखा पाचवर, फ्रिज सातवर, मिक्सर तीनवर. मी नाना पेठेत गेलो.

तिथे गाडीला जे जे चिकटवता येईल ते सगळं एका गल्लीत टांगलेलं असतं. दुकानदाराने काउंटरवर खोका आपटला. त्यावर उजेडाचं माप म्हणून २०,००० लूमेन असं लिहिलं होतं आणि एका गाडीचं चित्र होतं, जिच्या दिव्यांनी समोरचा अख्खा डोंगर उजळला होता. त्याने साडेतीन हजार सांगितले, मी दीड म्हणालो, दोन हजारांवर दोघांचंही समाधान झालं. इतक्या झटपट झालं, तिथेच मला शंका यायला हवी होती.

बसवणारा पोरगा हुशार होता. एलईडीच्या बुडाला चिमुकला पंखा असतो, तो दिव्यामागच्या रबरी टोपीत मावेना. त्याने ब्लेडने टोपीच कापली. "पाणी जाईल ना?" मी विचारलं. "जाईल," तो म्हणाला आणि कापत राहिला. जुने बल्ब त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले. मी एक उलगडून बघायला लागलो तर ओरडला, "काचेला बोट नाय लावायचं! बोटाचं तेल लागलं की तेवढ्याच जागी तापतो आणि उडतो."

रात्री मी मोठ्या थाटात गाडी बाहेर काढली.

उजेड पडला, यात वादच नाही. गुलमोहराच्या शेंड्यावर पडला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीवर पडला. तिच्यावरची फुलं मोजता येत होती. एक वटवाघूळ दचकून दिशा बदलून गेलं. फक्त रस्ता तेवढा दिसत नव्हता. आणि दिवे लावले की रेडिओ खरखरायचा, बंद केले की पुन्हा गाणं लागायचं. ऐकायचं की बघायचं, एकच काहीतरी निवडा, असा गाडीचा रोख होता.

मुख्य रस्त्यावर आलो आणि समोरची पहिली गाडी डिपर मारून गेली. मग दुसरी. मग एका टेम्पोने हॉर्न आणि डिपर दोन्ही मारले आणि काच खाली करून माझ्या आईची विचारपूस केली. इथे सांगायला हवं की नऊ वर्षांत मला कोणी एकदाही डिपर मारला नव्हता. समोरच्याच्या डोळ्यांना आपल्या उजेडाचा त्रास होऊ नये हे मी संस्कारांचं फळ समजत होतो आणि मुलाला अधूनमधून ऐकवतही होतो. ते फळ एका रात्रीत नासलं.

चौकातल्या हवालदारांनी तर डोळ्यांवर आडवा हात धरूनच गाडी बाजूला घ्यायला लावली.

"आधी तो सूर्य मावळवा," ते म्हणाले. मी दिवे बंद केले. त्यांनी दोन-तीनदा पापण्या मिटल्या, मी नक्की कुठे आहे याचा अंदाज घेतला आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ समजावून सांगितलं. कंपनीने गाडी जशी बनवली तशी ठेवायची, मनाने फेरफार करायचे नाहीत. १९८८ चा कायदा आहे, म्हणजे माझ्या गाडीपेक्षा कितीतरी जुना, त्यामुळे माहीत नव्हतं असंही म्हणता येईना. पाचशेची पावती मोबाइलवर टुण्णकन वाजली.

शहाणा माणूस इथे जुने बल्ब बसवून गप्प बसला असता. पण तोवर पार्किंगमध्ये दुसरा पंथ उदयाला आला होता. त्यांचं म्हणणं, एलईडी हा भंपकपणा, खरं काम शंभर-नव्वदचं. हॅलोजनच, पण अप्परला १०० वॅट आणि डिपरला ९०. पुन्हा मोठा आकडा! खोक्यावर बारीक अक्षरात 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी' असं छापलं होतं. आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता पाहता मला त्यात अडचण वाटली नाही.

शंभर-नव्वद तीन दिवस छान चालले. चौथ्या रात्री साताऱ्याहून येताना कात्रजच्या बोगद्यात बायकोने नाक वर केलं.

"अहो, निघताना गॅस बंद केला होतात ना?"

मलाही वास आला. काहीतरी करपल्याचा, पण पोळीचा नव्हे. बोगदा संपेपर्यंत उजवा दिवा गेला. आता समोरचे लोक मला मोटारसायकल समजून निर्धास्तपणे अंगावर येऊ लागले. मी डावीकडे डावीकडे सरकत, अंग चोरत घरी पोचलो. सकाळी बॉनेट उघडलं तर बल्बचा होल्डर वितळून साखरेच्या पाकासारखा ओघळला होता.

मग मी गेलो मामांकडे. खरं तर आधीच जायला हवं होतं, पण मामांचं दुकान म्हणजे वडाखाली एक पत्र्याची टपरी, त्यात एक बॅटरी आणि एक मीटर. कुठेही मोठा आकडा लिहिलेला नाही. माणसाला विश्वास बसत नाही.

मामांनी होल्डरचा पाक बोटाने दाबून पाहिला. "रिले, म्हणजे बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा स्विच, तो न लावता शंभर-नव्वद टाकलेत? बारा व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो. नव्वदचा साडेसात. वायर कंपनीची, शेवयीएवढी. ती तापणार नाही तर काय करणार?"

मी वर्तमानपत्रातले जुने बल्ब काढून दिले. त्यांनी एकाला बुडाशी धरून उजेडात फिरवला. "हे बघा. आत दोन तारा आहेत. ही पुढची डिपरची. तिच्याखाली काय दिसतं?"

मी चष्मा वर करून पाहिलं. काचेच्या आत, तारेच्या खाली, बाहुलीच्या भातुकलीत शोभेल एवढी पत्र्याची वाटी होती. नऊ वर्षं माझ्या गाडीत ही वाटी होती आणि मला पत्ता नव्हता.

"ही वाटी खालचा उजेड अडवते. उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथनं खाली रस्त्यावर उतरतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी हिशोब बिघडतो. तुमच्या त्या एलईडीत तार नाही, तिच्या जागी पट्टी. मग उजेड जाईल तिकडे जातो."

"झाडावर," मी म्हणालो.

"झाडावर. आणि ते केल्विन म्हणजे नुसता रंग. जास्त केल्विन म्हणजे जास्त पांढरा. ओल्या डांबरावर पांढरा उजेड पडला की काही दिसत नाही."

"आणि वीस हजार लूमेन?"

"या साध्या बल्बचा डिपर हजार लूमेनचा असतो. खोक्यावर काय, छापणाऱ्याच्या घरचं जातं काय?"

बोलता बोलता त्यांनी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट, बल्बपाशी बारासुद्धा नाहीत. मधले कुठे गेले विचारलं तर म्हणाले, जुन्या वायरी, जुने सांधे. पाण्याच्या लाइनीसारखं, वाटेतच गळतं. त्यांनी बॅटरीवरून जाड वायर ओढली, रिले बसवला, नवे होल्डर टाकले, रबरी टोप्या टाकल्या आणि त्यात माझे तेच ६०/५५ परत बसवले. उजेड खरंच स्वच्छ झाला. पण मामा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. उजेडाची रेघ भिंतीच्या पार तळाशी, एका झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर होती.

"एवढा खाली का?" असं स्वतःशीच म्हणत ते गाडीत जाऊन बसले. मग आतून आवाज आला, "हे चारवर कुणी ठेवलं?"

"मीच. गाडी घेतली त्या दिवशी."

"का?"

मी खरं ते सांगितलं. "चार सगळ्यात मोठा आहे."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी चाकी चारवरून शून्यावर नेली. दिव्यांच्या आतून घुंईंई असा बारीक आवाज आला आणि उजेडाची रेघ कुत्र्याच्या पाठीवरून उठून, 'येथे लघवी करू नये' ओलांडून, भिंतीच्या मध्यावर जाऊन थांबली. कुत्राही उठला.

"डिकीत वजन असलं, मागे माणसं असली की गाडीचं बूड बसतं आणि तोंड वर होतं," मामा म्हणाले. "मग उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हा तो खाली घ्यायला ही चाकी असते. पंख्याचा रेग्युलेटर नाही हा."

मला तांदळाचं पोतं आठवलं, पंचवीस नारळ आठवले. आणि नऊ वर्षांत कोणी डिपर का मारला नाही, तेही कळलं. मुलाला यातलं काय सांगायचं याचा मी विचार करत होतो, तोवर मामांनी रिलेचे, वायरीचे आणि होल्डरचे पैसे सांगितले. "आणि चाकीचे?" मी विचारलं. ते चहा पीत होते, त्यांना ठसका लागला.

घरी मी एवढंच सांगितलं की वायरिंगचं मोठं काम निघालं. चाकीचा विषय कुणापाशी काढला नाही.

पुढच्या गणपतीला कुंभार्ली उतरताना वळणावरचा कठडा दिसला, कठड्यावरचं शेवाळ दिसलं, त्यापुढचं वळणही दिसलं. मी मुद्दाम एका एसटीला मागे टाकलं. परतताना नेहमीप्रमाणे तांदूळ, नारळ, सासू-सासरे. पाटणच्या पुढे समोरून एक डिपर आला. मग दुसरा. तिसऱ्याने हॉर्नही मारला.

बायको सीट मागे टाकून डोळे मिटून पडली होती. डोळे न उघडताच म्हणाली, "अहो, आता चारवर घ्या."