ओला चमचा

लाकडी बोटीला समुद्राची भीती नसते, पावसाची असते. हे सांगितलं की समोरचा माझ्याकडे दयेने बघतो. पण ज्याच्या घरी कैरीचं लोणचं घालतात, त्याला हे पटायला हरकत नाही. खारात बुडालेली फोड वर्षभर टिकते. बरणीत ओला चमचा गेला की आठवड्यात बुरशी. लाकडाचंही तेच. कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही. डेकच्या सांध्यातून झिरपलेलं पावसाचं पाणी बिनवाऱ्याच्या कोपऱ्यात साचलं, की मात्र तिची चंगळ. म्हणून लाकडी बोट खालून नाही, वरून कुजते. आणि आपण राहतो मुंबईत, जिथे चार महिने आभाळातूनच ओला चमचा पडत असतो.

तरी लोक घेतात, कारण अपोलो बंदराबाहेर इंजिन बंद केलं, शीड भरलं आणि बोट एका कुशीवर कलली, की लाकूड जे कुरकुरतं ते ऐकण्यासारखं असतं. फायबरच्या बोटीवर लाट आपटली की प्लास्टिकच्या टबात बसल्यासारखं वाटतं. शिवाय सागवानी जहाजांची परंपरा याच गावची. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये इथल्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. बोट विकणारा हे हमखास सांगतो. तिची डागडुजी किती वर्षं चालली होती, ते सांगत नाही.

मे महिन्यात बोट वर ओढायची, तीही उधाणाच्या भरतीला. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत ती साधली नाही, तर भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला पाणी पुरत नाही आणि पुढचे पंधरा दिवस हात चोळत बसावं लागतं. घरात कधी देवाला हात न जोडणारा माणूस यामुळे पंचांग तोंडपाठ करतो.

वर आलेल्या बोटीचं तळ खरवडून घ्या आणि छोट्या हातोडीने फळी-फळी ठोका. ‘ठण्ण’ आवाज आला तर ठीक. ‘ठप्प’ आला तर बारीक टोच्या घालून बघा. लोण्यात गेल्यासारखा शिरला तर मिस्त्रीला फोन. जहाजकिडा नावाचा प्राणीही इथेच सापडतो. तो किडा नाहीच, तिसऱ्यांचा चुलतभाऊ आहे. आपण तिसऱ्या खातो, तो आपली बोट खातो, हिशेब बरोबर. आत शिरताना टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडतो आणि मग आतल्या आत बोगदे खणतो. वरून फळी अगदी साळसूद. तांबंयुक्त रंगाचे दोन हात दर वर्षी, एकही इंच न सोडता, एवढाच इलाज. ज्या ठोकळ्यांवर बोट टेकवलेली असते त्यांच्याखाली रंग लागत नाही, आणि पाहुण्यांना नेमकी तीच जागा आवडते. ठोकळे हलवा.

नागदेवी स्ट्रीटवर स्क्रू घ्यायला गेलात तर पितळी घेऊ नका. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. स्क्रूचं डोकं जागेवर दिसतं, धड मात्र कधीच गेलेलं. सिलिकॉन ब्राँझचे मागा. दुकानदार ‘अहो, पितळच चांगलं’ म्हणेल. त्याच्याकडे बोट नाही.

पावसाळ्यात मुंबईकराचा रामबाण उपाय म्हणजे निळी ताडपत्री. ती बोटीवर घट्ट आवळली की आत वाफारा तयार होतो, मोदक उकडतात तसा. मधोमध वासा टाकून तंबूसारखी ताणा, दोन्ही टोकं उघडी ठेवा, आतल्या कपाटांची दारंही सताड उघडी.

आणि वॉर्निश! पहिल्या हातात निम्मं टर्पेंटाइन, दुसऱ्यात पाव, मग जवळजवळ निव्वळ. असे सात-आठ हात. दोन हातांमध्ये एक दिवस आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर. दुपारी तीननंतर ब्रश उचलायचा नाही, नाहीतर संध्याकाळच्या दमट हवेने चकाकी मरते. सकाळी शेजारच्या टॉवरच्या सिमेंटची धूळ, दुपारी ऊन इतकं की ब्रशचे फराटे जागच्या जागी वाळतात. यातून जो मुहूर्त उरतो त्यात पॉलिशवाला जेवायला गेलेला असतो. परत आल्यावर म्हणतो, ‘साहेब, मेलामाइन मारू, आरशासारखं चमकेल.’ चमकेलही, दिवाणखान्यातल्या शोकेसवर. उन्हात लाकूड फुगतं-आकसतं, कडक थराला ते झेपत नाही आणि पापुद्रे सुटतात. माझं ऐकाल तर डेकच्या सागवानाला काहीच लावू नका. खाऱ्या पाण्याने, रेषांना आडवं, मऊ ब्रशने धुवा. रुपेरी करडं होऊ द्या.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास बोट पाण्यात उतरते आणि लगेच गळू लागते. घाबरू नका. मेच्या उन्हात आकसलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगायला दोन-तीन दिवस घेतात. तोवर पंप, भरलेली बॅटरी आणि रात्री जागणारा एक माणूस हवा. किनाऱ्यावर असतानाच त्या फटी ठासून, घट्ट भरण्याचा मोह आवरा; फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरली नाही तर त्या आतल्या फासळ्या मोडतात.

चौथ्या दिवशीही तळाशी पाणी दिसलं, तर ते कुठून आलं हे शोधायची एकच झटपट रीत आहे. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं. डिझेलची चव येतेच, तिकडे दुर्लक्ष करा. सोबत आलेले पाहुणे तोंड फिरवतात. खारट लागलं की मी निवांत चहा मागवतो. अळणी लागलं, तर चहा राहू दे, आधी टॉर्च आणा.