शनी मीनेत गेला म्हणून मोतीबिंदू थांबत नाही

माझ्या आत्याने मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द केलं. तारीख ठरली होती, तपासण्याही झाल्या होत्या. कारण एक मेसेज: "शनी मीनेत आला. मेषेला साडेसाती लागली. जून 2027पर्यंत शस्त्रक्रिया, लग्न, नवी नोकरी टाळा. जलराशीतला शनी पूर आणतो. हे ग्रहगणित आहे, म्हणजे विज्ञानच." आत्याची रास मेष. घरच्या ग्रुपवर तोच मेसेज तिघांनी टाकलाय.

ग्रहगणित खरं असतं, एवढं मान्य. शनीची सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणून एका राशीत अडीच वर्षं. पण रास कुठून सुरू होते हे माणसांनी ठरवलंय, आणि त्यावर ज्योतिषांचंच एकमत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पंचांगांत शनी 29 मार्च 2025ला मीनेत गेला. तमिळ प्रदेशातलं तिरुनल्लारचं शनिमंदिर 'वाक्य' नावाचं जुनं पंचांग मानतं, तिथे तेच राश्यंतर मार्च 2026मध्ये. लांब कशाला, टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या राशिचक्राच्या आरंभात सुमारे चार अंशांचा फरक आहे. जन्मावेळी चंद्र ज्या राशीत, ती आपली रास; आणि चंद्र तेवढं अंतर सात-आठ तासांत कापतो. त्या तासांत जन्मलेल्या बाळाची रास दात्यांकडे मेष, तर टिळकांकडे वृषभ असू शकते. एकाच बाळाला एका पंचांगात साडेसाती, दुसऱ्यात नाही!

पुराचं म्हणाल, तर 2019ला सांगली पाण्यात होती तेव्हा शनी धनु राशीत होता. ती यांच्याच हिशेबाने अग्निराशी.

आता ऑपरेशन. माझा खरा संताप इथे आहे. शनी असलेली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा बारापैकी तीन राशींना कोणत्याही वेळी साडेसाती असतेच, म्हणजे साधारण दर चौथ्या माणसाला. त्या सगळ्यांनी शस्त्रक्रिया टाळायच्या? मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. थांबलं तर तो पिकतो, कडक होतो, काढणं अवघड होतं. कधी डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाते. आत्या आताच पायरी चुकते. पडून खुब्याचं हाड मोडलं, तर हा मेसेज लिहिणारा तिला उठवायला येणार आहे का?

"अनुभव घ्या," असंही त्या मेसेजमध्ये आहे. अनुभव पुण्यात रीतसर घेतला गेलाय. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या. मूल हुशार की मतिमंद, एवढंच ओळखायचं होतं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण 46 टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका घेतल्या, तिची 102 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही इतकंच जमतं. 2009मध्ये हे 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय. ज्यांना पत्रिकेवरून एवढं ओळखता येत नाही, त्यांच्या शब्दावर डोळा सोडायचा?

साडेसातीवर उपाय म्हणून घालतात त्या घोड्याच्या नालेच्या अंगठीबद्दल मला काहीच बोलायचं नाही. हवी तर घाला, पण डॉक्टरांकडे जा.

आणि आत्या, शनी याआधी मीनेत होता तो 1997च्या सुमाराला. तेव्हाही तुला साडेसातीच होती. त्याच वर्षी तू मुख्याध्यापिका झालीस आणि मिरजेचं घर बांधलंस. मी मंगळवारी येतोय. डॉक्टरांची सकाळी अकराची वेळ पुन्हा घेतली आहे. जुने रिपोर्ट काढून ठेव.