नम्रता कोणाकडून मागायची? एका वाचकांच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम सलाम.

चर्चमधल्या सुगीच्या सणातील लिलावात बोलीबरोबर होणारा नावांचा पुकारा आणि गरजूंना शिधा देतानाचे फोटो यांवर मी नम्रतेविषयीच्या माझ्या लेखात टीका केली होती. तीवर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा की, आपला प्रकाश लोकांसमोर पडू द्यावा असे प्रभूनेच सांगितले असताना सत्कर्म लपवायचे कशासाठी? दुसरा अधिक कठोर आहे: नम्रतेचा उपदेश आजवर स्त्रियांना, गरिबांना आणि दलित ख्रिस्ती बांधवांनाच ऐकवला गेला, त्यात मी आणखी भर का घालावी?

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील ते वचन, लोकांनी सत्कर्मे पाहून स्वर्गातील पित्याचे गौरव करावे, येथे संपते आणि पुढच्याच अध्यायात दानधर्म करताना कर्णा वाजवू नका अशी ताकीद येते. म्हणजे कर्म दिसण्याला हरकत नाही. पाहणाऱ्याची नजर कोणाकडे वळवली जाते, एवढाच प्रश्न आहे. तांदळाच्या एका पिशवीला चार जणांचे हात लागलेले, चौघेही कॅमेऱ्याकडे पाहणारे आणि घेणारी बाई पदर सावरत खाली पाहणारी, असा फोटो दुपारपर्यंत मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर येतो, तेव्हा त्यात पित्याचे गौरव शोधूनच काढावे लागते.

दुसरा आक्षेप मला मोलाचा वाटतो. तसे घडले आहे आणि घडतही आहे. मात्र ज्यांनी तो उपदेश खाली ढकलला त्यांनी शास्त्र अर्धेच वाचले. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्वतःला रिक्त करणारा ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा आहे, आणि योहानाच्या तेराव्या अध्यायात कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा हा त्यांचा गुरू आहे. ज्याच्या पायाखाली उतरण्याजोगी पायरी आहे, त्यानेच उतरायचे आहे. शिवाय प्रमुख याजकासमोर चपराक बसली तेव्हा याच प्रभूने, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे विचारले होते.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅमला असताना त्यांनी मुलग्यांना शिकवू नये असे बिशपांनी ठरवले, तेव्हा त्यांनी विरोध केला. आपल्याला स्वतःची विवेकबुद्धी आहे आणि धर्मगुरूंच्या तोंडचा प्रत्येक शब्द मानण्यास आपण बांधील नाही, असे त्यांनी १८८५ साली लिहिले. त्यांच्यावर गर्वाचा ठपका आला. (हा ठपका बहुधा वरूनच येतो, हे आपल्यालाही ठाऊक असेल.) कोलकात्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या याच बाईंनी केडगावला हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना, अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून आपले पांडित्य बाजूला ठेवून साधी मराठी वापरली. अधिकाऱ्यांपुढे न वाकणे आणि अडाणी बाईसाठी खाली बसणे, ही दोन्ही एकाच व्यक्तीची कामे आहेत.

म्हणून माझा लेख चर्चच्या पाळकांना, पंचांना, देणगीदारांना आणि लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांना उद्देशून आहे. शिधा घेणाऱ्या बाईकडून मी काहीही मागितलेले नाही. तिने फोटोला नकार दिला तर त्याला गर्व म्हणू नये, आणि शिधा तिला तरीही मिळावा.